तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

"दादा, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकतो आणि पहिल्याची तिसऱ्यावर," साडू म्हणाला. "ठोका चुकणं पहिल्यावर सरकलं तर कॉइल गेली समजायची. तिसऱ्यावरच राहिलं, तर कॉइल चांगली. मग इंजेक्टर बघू."

मला शिकवत होता. अठ्ठावीस वर्षं मी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं उघडतोय, जोडतोय, आणि हा वर्षापूर्वी आलेला माणूस मला कॉइलची अदलाबदल समजावून सांगत होता. बरं, बोलणं इतकं गोड की राग तरी कशावर काढायचा? मी नुसतं "हं" म्हणालो.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. त्याला या टीममध्ये मीच चिकटवला. महिनाभर बायकोची भुणभुण चालली होती, "माझ्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे, एक शब्द टाका ना." टाकला शब्द आणि धोंडा पाडून घेतला पायावर. पूर्वी पिटमध्ये काही अडलं की मालक विचारायचे, "डॉक्टर कुठे आहेत?" डॉक्टर म्हणजे मी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी गाडीचं दुखणं सांगायचो. आता मालक थेट साडूच्या लॅपटॉपवर वाकतात आणि मी शेजारी पाना धरून उभा असतो.

घरीही तेच. "तिचा नवरा बघा, कधी आवाज चढवून बोलत नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणते. जळतो मी. खोटं कशाला बोलू? त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरसुद्धा जळतो.

त्यातच गुरुवारी मालकांनी सांगून टाकलं, की पुढच्या मोसमात गाडी एकच राहील आणि मुख्य मिस्त्रीही एकच. "रविवारची शर्यत होऊ द्या, मग बघू," म्हणाले. बोलताना नजर साडूकडे होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गाडीला हे दुखणं लागलं. थंड असली की शहाण्यासारखी चालायची. पाच-सहा फेऱ्यांनी तापली की सरळ रस्त्यावर मधूनच ठोका चुकायचा, गाडी अडखळायची. पिटमध्ये आणून उभी करावी, तर जणू काही झालंच नाही. लॅपटॉप म्हणत होता, तिसरा सिलिंडर. आता प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल वेगळी. तिसऱ्याची कॉइल तापल्यावर दगा देतेय, असा माझा संशय होता. साडूचाही तोच होता. म्हणजे त्याची चाचणी बरोबर होती, आणि संध्याकाळी मालक पुन्हा एकदा त्याच्याच पाठीवर थाप मारणार होते.

शुक्रवारी सकाळी साडूनं कॉइलची अदलाबदल करून ठेवली, पण गाडी बाहेर काढण्याआधीच दुपारी ट्रॅक तासभर बंद झाला. सगळे जेवायला निघाले. "तुम्ही व्हा पुढे, मी हात धुऊन येतो," मी म्हणालो.

दोन बोल्ट, दोन कनेक्टर. चार मिनिटांचं काम. तिसऱ्याची पुन्हा तिसऱ्यावर, पहिल्याची पहिल्यावर. किती तरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली. जेवायला गेलो, तर साडूनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

दुपारी सहाव्या फेरीला गाडी अडखळली. लॅपटॉप म्हणाला, तिसरा.

"म्हणजे कॉइल नाही," साडू पुटपुटला. त्यानं इंजेक्टर बदलला. तिसराच. वायरिंग तपासलं, प्लग बदलला. तिसराच. "तुझं यंत्र नुसते आकडे मोजतंय की काही सांगतंयही?" मालक सगळ्यांदेखत म्हणाले. साडूचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळच्या पात्रता फेरीत गाडी शेवटच्या रांगेत गेली. आमची ड्रायव्हर, पंचविशीतली मुलगी, हेल्मेट काढून म्हणाली, "सरळ रस्त्यावर ही अशी मध्येच मेली ना, तर मागचा माझ्या अंगावर येईल." याचा विचार मी केलाच नव्हता. मग मात्र मी पुढे झालो.

"मालक, जरा मला बघू द्या."

स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. डोळे मिटले. थोडं नाटकच केलं म्हणा. मग तिसऱ्यावरची कॉइल काढली, गरम हवेच्या झोतात धरली आणि मीटर लावला. कॉइल तापली तसा आकडा भलतीकडेच पळाला. नवीन कॉइल बसवली. गाडी दहा फेऱ्या मारून आली, एक ठोका चुकला नाही.

"शेवटी डॉक्टर ते डॉक्टर," मालक म्हणाले.

साडू ती जुनी कॉइल हातात घेऊन उभा होता.

"ही तिसऱ्यावरून काढली ना, दादा?"

"तुझ्यादेखत तर काढली."

त्यानं कॉइल उलटीपालटी करून पाहिली, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्याच्या हिशेबानं तिसऱ्यावर होती ती पहिल्याची चांगली कॉइल. खराब असेल ती पहिल्यावर. मग खराब कॉइल तिसऱ्यावर आली कुठून? शाबासकीच्या घाईत मला एवढंही सुचलं नव्हतं. शुक्रवारी जेवायला उशिरा कोण आलं, हे त्याला आठवायला फार वेळ लागला नसणार.

"काय रे, कॉइल तर तूच तपासली होतीस ना?" मालकांनी त्याला विचारलं.

"हो," साडू म्हणाला. "अदलाबदल करताना माझीच गडबड झाली."

रविवारी आमची गाडी शेवटच्या रांगेतून निघून पाचव्या नंबरावर आली. मालकांनी तिथंच माझा हात हातात घेतला आणि पुढच्या मोसमाचं सांगितलं. मी आधी नुसती मान हलवली, मग "आभारी आहे" म्हणालो.

पिट रिकामा झाल्यावर साडू लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत होता. मी जवळ गेलो.

"तू बोलला का नाहीस?"

त्यानं वायर पिशवीत ठेवली. "मला दुसरीकडे काम मिळेल, दादा. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

"आणि ताईंना यातलं काही कळायला नको," तो म्हणाला. "उगाच त्यांच्या जिवाला लागेल."

मग त्यानं जमिनीवर पडलेल्या गाडीच्या कव्हराची दोन टोकं उचलली आणि माझ्याकडे बघत थांबला. एकट्याला घडी घालता येण्यासारखं ते नव्हतं. मी समोरची दोन टोकं उचलली. घडी घालायची म्हणजे दर वेळी चालत एकमेकांसमोर यावं लागतं, टोकं त्याच्या हातात द्यावी लागतात, आणि खाली वाकून दुमडलेली बाजू उचलावी लागते. चार घड्या झाल्या. चारही वेळा मी कव्हराकडेच बघत होतो.