आश्रुबाला दिलेला सांगावा

त्या साली आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. त्यासाठी एकाही माणसाला जागचं उठावं लागलं नाही. विहीर तिथंच, चावडी तिथंच, कुत्रीसुद्धा तिथंच, आणि राज्य बदललं. भिवराबाईला मात्र त्याच हिवाळ्यात सासरहून माहेरी, पिंगळीला जायचं होतं. त्याला जास्त खटपट लागली.

तिचं सासर बोरीपासून दोन-अडीच कोसांवर. धनगराचं घर, मेंढरंवाले. सांगावा घेऊन येडबा तिथं पोचला तेव्हा घरात तीन बायका होत्या. सासू कासाबाई ओसरीवर लोकर पिंजत होती. सासऱ्याची विधवा बहीण बायनाबाई कोपऱ्यात सूत काढत होती. भिवरा चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि थापण्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होता.

"घरात कोणी हाय का?" येडबानं विचारलं.

"कोणी न्हाई!" कासाबाई आणि बायनाबाई एकदम म्हणाल्या.

येडबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याची आईही दारातून असंच सांगायची. कोणी नसलेल्या त्या घरात तो चपला काढून बसला, कोणी नसलेल्या घरातलं पाणी प्याला आणि गुळाचा चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मग कव्हा येतील?"

"घरधनी देवगाव फाट्याकडं गेलेत, बकरी इकायला," कासाबाई म्हणाली. "येतील रातच्याला, न्हाईतर उद्या. पोरगा रायभान मेंढरं घेऊन जिंतूरच्या पल्याड डोंगरात. त्याचं काय सांगावं? मेंढरं म्हणतील तवा येईल."

येडबा पिंगळीचा, भिवराच्या माहेरच्या गल्लीतला. तिला तो ओळखीचा. पिठाच्या हातानंच ती दाराआड येऊन उभी राहिली.

"येडबादादा, माय कशी हाय?"

"हाय," येडबा म्हणाला.

मग त्यानं स्टेशनात नवा मास्तर आल्याचं सांगितलं. मास्तरच्या बकरीनं हिरवं निशाण खाल्ल्याचं सांगितलं. पाटलाच्या म्हशीला दोन तोंडांचं रेडकू झालं, ते दोन्ही तोंडांनी रडायचं, हेही सांगितलं. भिवरा ऐकत राहिली. रेडकू मेलं तिथं तिनं पुन्हा विचारलं, "दादा, माय कशी हाय?"

"हाय म्हणलं की."

"हाय म्हंजे कशी?"

येडबानं चपलेकडं बघितलं. सांगावा घेऊन येणाऱ्याची एक रीत होती. आजारपणाची, मरणाची खबर घरातल्या पुरुषाच्या कानावर घालायची. तो ऐकणार, गप बसणार, बायकोला न्यायचं की नाही ते ठरवणार, आणि मग काय ते बाईला कळणार. थेट बाईला सांगितलं तर ती रडायला लागते, आणि रडणाऱ्या बाईला घेऊन काय करायचं ते येडबाला कुणी शिकवलं नव्हतं. भिवराच्या भावानं, माणिकरावानं त्याला बजावून धाडलं होतं, "रायभानला सांग, न्हाईतर तिच्या सासऱ्याला, सटवाजीमामाला. बायांत बोलू नको."

"आवो, ती डोळ्यात जीव आणून इचारायलीय," बायनाबाई म्हणाली. "सांगा की."

"कुणाला सांगू, आत्या? घरात माणूस न्हाई."

"आमी काय शेरडं हावो?"

"तसं न्हाई. पर जिम्मेदारी असती."

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. येडबाला पुढं जिंतूरला जायचं होतं, दगडाबाईच्या भावाला हीच खबर द्यायला. दगडाबाई म्हणजे भिवराची आई. तो उठायचा, बसायचा, रस्त्याकडं बघायचा. रस्त्यावरून एक गाढव गेलं. नर होतं, पण परकं.

शेवटी बायनाबाईनंच तोड काढली. झोळीकडं बोट दाखवून ती म्हणाली, "त्यो माणूस न्हाई का?"

झोळीत आश्रुबा होता, भिवराचा मुलगा. त्याला अजून दात आले नव्हते.

येडबानं थोडा विचार केला. रीत तर मोडत नव्हती. मुलगा होता, घरातला होता, जागा होता. येडबा उठला, झोळीपाशी गेला, डोक्याचा रुमाल नीट केला आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसा बोलू लागला.

"आश्रुबा, ऐका. तुमची आजी लय बिमार हाय. चार रोज झाले, अन्न न्हाई. वैद्यानं हात टेकले. तिचं एकच म्हणणं हाय, भिवराला एकदा डोळ्यांनी दाखवा. माणिकराव म्हणले, येळ लावू नका. एवढं तुमच्या कानावर घालतो."

आश्रुबानं पाय तोंडात घातला.

दाराआड भिवरा मटकन खाली बसली. रडली नाही. येडबा त्या बाजूला बघायचं टाळत चपला घालू लागला.

"दादा, मला संगं न्या," ती म्हणाली.

"मी जिंतूरला जायलोय, बाई. आन् नेतो म्हणलं तरी कुणाच्या हुकमानं? उद्या रायभान इचारील, माझी बायको कुणी नेली? मी काय म्हणू, तुझ्या पोरानं हो म्हणलं?"

तेही खरं होतं. आश्रुबानं सांगावा घेतला होता, पण इजाजत दिली नव्हती.

येडबा गेला. तव्यावरची भाकरी करपली, ती कुणी काढली नाही. भिवरा सासूसमोर येऊन उभी राहिली. "आत्याबाई, मी जाते."

कासाबाई लोकर पिंजत राहिली. तिची स्वतःची आई वारली तेव्हा तिला बाराव्यानंतर कळलं होतं. तेही सटवाजी दुसरंच काही बोलत असताना मध्येच म्हणाला होता म्हणून. तो विषय तिनं काढला नाही.

"मी जा म्हणू शकत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या जा म्हणण्याला काय किंमत हाय? पर जाऊ नको असं बी मी काय म्हणलं न्हाई. मी वढ्यावर लोकर धुवायला चाललेय. मला काय दिसत न्हाई."

आणि लोकर न घेताच ती ओढ्याकडं निघून गेली.

बायनाबाईनं आश्रुबाला झोळीतून काढून भिवराच्या कडेवर दिलं. गाठोड्यात करपलेलीच भाकरी बांधली. "एकटी कुठं चाललीस म्हणून कुणी इचारलं, तर सांग एकटी न्हाई. माणूस हाय संगं."

ती हसली. भिवराला हसू आलं नाही, पण तिनं पाय उचलले.

बोरीची वाट उघडी होती, तुरी कापून झालेल्या. पहिला माणूस भेटला तो बैल धुवायला निघालेला. त्यानं विचारलं, "संगं कोण हाय?" दुसरा भेटला, त्यानंही विचारलं, "संगं कोण हाय?" नदीत उभा असलेला एक जण तर ओळखीचाही नव्हता. तो गुडघाभर पाण्यातून ओरडला, "अगं ए, संगं कोण न्हाई का?" कुठं चाललीस, का चाललीस, डोळे का सुजलेत, असं कुणी विचारलं नाही. भिवरा दर वेळी आश्रुबाला थोडं वर उचलायची आणि चालत राहायची. आश्रुबा सोबतीचं काम नीट करत होता. मध्ये एकदा झोपला, तेवढंच.

बोरीला ती मोटारीच्या जागी पोचली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. ही मोटार परभणीला जायची, आणि तिथं रात्रीची आगगाडी मिळायची. ती पिंगळीला थांबायची. लग्नानंतर भिवरा एवढ्या एकाच वाटेनं माहेरी गेली होती, म्हणून तिला ती पाठ होती.

मोटारीची वाट बघत बसलेल्यांशी गप्पा मारत बन्सीधर बसला होता. भिवराच्या सासरच्याच गावचा, चांगला शेतकरी, कापूस विकून रिकामी बैलगाडी घेऊन परत निघालेला. मनानं चांगला माणूस होता. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

"ही सटवाजीची सून न्हाई का?" तो उठला. "कुठं निघालीस, बाई?"

भिवरानं पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवली. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नसतं. ती पिंपळाच्या झाडाकडं बघून म्हणाली, "माय लय बिमार हाय. पिंगळीला."

"आस्सं? कोण म्हणलं?"

"सांगावा आला."

"कुणाला आला? सटवाजी तर फाट्याला गेलाय. सकाळच्याला मीच पायलं. रायभान डोंगरात. मग सांगावा घेतला कुणी?"

भिवरानं पिंपळाकडं बघितलं. पिंपळाला काही सुचलं नाही.

"ह्यानं," ती म्हणाली, आणि आश्रुबाला वर उचललं.

बसलेले सगळे हसले. बन्सीधर हसला नाही. त्याला वाईट वाटलं. त्याच्या लक्षात आलं, पोरगी सासूशी भांडून निघाली, लेकरू घेऊन पळून निघाली, आणि बिचारीला धड खोटं बोलतादेखील येत नाही.

"म्हाताऱ्या आईला कामून मारतीस, बाई?" तो हळूच म्हणाला. "चल. मी सोडतो घरी. कासाबाईला मी समजावतो."

"खरंच बिमार हाय. पाया पडते."

"बायांचं असंच असतं," एक जण दुसऱ्याला म्हणाला. "माहेर आठवलं की माय बिमार पडती."

मोटार आली. भिवरा पुढं झाली. क्लीनरनं दार उघडून विचारलं, "कोण कोण?" बन्सीधरनं हात आडवा करून सांगितलं, "ती न्हाई. आमच्या गावची हाय, घरी चाललीय." क्लीनरनं बन्सीधरकडं बघून मान हलवली. धुरळा उडाला. आश्रुबाला खोकला आला.

परतीच्या वाटेवर बन्सीधर बैलांना एक शब्द आणि भिवराला एक शब्द असं बोलत राहिला. घर धरून राहावं. हो, हो, सर्ज्या. राग आला तर पाणी प्यावं. रायभान दारू पीत न्हाई, हात उचलत न्हाई, अजून काय पाहिजे? चल, राजा. पहिलाच मुलगा झाला, देवानं एवढं दिलं. बाईच्या जातीला किती पाहिजे? भिवरा गाडीच्या मागच्या टोकाला उलटं तोंड करून बसली होती. बोरी दिसायची बंद झाली तरी ती तिकडंच बघत होती.

घरी दिवा लागला होता. सटवाजी नुकताच येऊन टेकला होता.

"ही घ्या तुमची अमानत," बन्सीधर अंगणातून म्हणाला. "रागवू नका तिच्यावर. लहान हाय."

बन्सीधर गेला. कासाबाईनं नवऱ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि सगळं सांगितलं. सटवाजी ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता. सुनेला त्यानं कधी अरे-तुरे केलं नव्हतं, खरं तर कधी काहीच म्हटलं नव्हतं.

"आगं, मग मला सांगायचं!"

"तुमी होता का?"

"रायभानकडं धाडायचं होतं कुणाला तरी."

"कुणी धाडायचं? घरात होतं कोण?"

सटवाजीनं तांब्या उचलला, पुन्हा ठेवला. "येडबानं खरंच लेकराला सांगितलं?"

"रुमाल नीट करून सांगितलं," बायनाबाई म्हणाली.

"मग खरं असंल," सटवाजी म्हणाला. "आता मोटार न्हाई. सकाळी पहिल्या मोटारीनं मी घेऊन जातो."

दुसऱ्या दिवशी भिवरा सासऱ्याच्या मागं पाच हात अंतर ठेवून चालली. वाटेत कुणी काही विचारलं नाही. मोटारीत क्लीनरनं जागा करून दिली. परभणीला दुपारची गाडी मिळाली.

पिंगळीच्या स्टेशनातून घर दिसायचं. अंगणात खाट उभी करून ठेवलेली दिसली तेव्हा भिवराला कळलं. तिनं हंबरडा फोडला. गल्लीतल्या बायका धावत आल्या आणि तिला मध्ये घेऊन रडल्या. माती सकाळीच झाली होती.

घरात भावजय केवळाबाईनं तिला धरून बसवलं. आश्रुबाला दुसऱ्या कुणी घेतलं. बऱ्याच वेळानं भिवरानं विचारलं, "माय काय म्हणली का शेवटी?"

"बोलणं बंद झालं होतं," केवळाबाई म्हणाली. "पर गाडी आली की मान वळवायच्या. कोण उतरलं म्हणून. काल रातच्या गाडीची शिट्टी झाली तवा मान वळंना. मग नुसतं बोट हलवलं. मला कळलं. आमी दोघांनी खाट फिरवली, दाराकडं तोंड करून. गाडी गेली, स्टेशनातली माणसं गेली. तरी डोळे दारातच होते. पहाटं गेल्या."

"रातच्या गाडीला?"

"व्हय. कामून?"

"काय न्हाई," भिवरा म्हणाली.

बाहेर ओसरीवर माणसं बसली होती. माणिकरावाचा आवाज आला. त्यात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "मामा, जरा लौकर निघाला असता तर भेट झाली असती."

सटवाजी खाकरला. मग म्हणाला, "काय करावं? बाईमाणूस संगं म्हणल्यावर येळ लागतोच."

"ते तर हायच," दोघे-तिघे म्हणाले.

भिवरानं ते ऐकलं. केवळाबाईनंही ऐकलं.

"खाट कुठं होती?" भिवरानं विचारलं.

केवळाबाईनं शेणानं ताजी सारवलेली जागा दाखवली. भिवरा उठली, तिथं जाऊन बसली आणि आईनं केलं असेल तसं तोंड दाराकडं केलं. दार उघडं होतं. त्यातून ओसरीवरच्या माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.