भुईचाफा झोपला होता

मी मेलो, असं २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीत ठरलं. मित्रांनो, मी भुईचाफ्याचा एक जुना कंद. दिसायला आल्यासारखा, राहायला मातीखाली. मी मेलो नव्हतो, झोपलो होतो. ती गोष्ट आठवली की अजूनही माझ्या मुळांना कापरं भरतं.

माझा जन्म कणकवलीजवळच्या एका परसात झाला. त्या घरची लेक रत्नप्रभा लग्न होऊन मुंबईला निघाली, तेव्हा तिच्या आईने मला ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत घातलं. पुढे कितीतरी वर्षं मी तळमजल्यावरच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात काढली. तिथेच मला पिल्लं फुटली, डबा पुरेना.

मग सोसायटीने कुंपणाची भिंत नव्याने बांधली आणि भिंतीकडेला मातीची लांबट पट्टी उरली. सेक्रेटरी नंदकुमार यांना तिथे स्कूटर लावायला जागा हवी होती. रत्नप्रभाने बाग मागितली. वर्षभर बघू, ते म्हणाले, पट्टी ओसाड दिसली तर फरशा पडतील.

दुसऱ्या मजल्यावरची जयंती तिची जिवाभावाची मैत्रीण, बँकेतून निवृत्त झालेली. तिच्या मनात झेंडू आणि पेटुनियाच्या सरळ ओळी होत्या.

"बाग करायचीय की रेशनची रांग?" रत्नप्रभा हसली. "आणि दर मोसमाला नवी रोपं कोण लावणार? एकदा लावलं की वर्षानुवर्षं येत राहील असं लावू."

गावाहून आणखी कंद आणून, लग्नघरात बायका बसतात तसं तिने आम्हाला घोळक्याने बसवलं. मागे भिंतीशी उंच सोनटक्का, त्याच्या पुढे रानहळद, अगदी कडेला आम्ही बुटके भुईचाफे. मधे वीत वीत जागा सोडली. आता मोकळं दिसेल, पण ही पोरं हातपाय पसरतात, असं तिने जयंतीला बजावलं. आणि आम्ही पसरलो. त्या पावसाळ्यात शाळेची मुलं फाटकाशी थांबून सोनटक्क्याचा वास घेत. माझं पान उलटून त्याची जांभळी पाठ एकमेकांना दाखवत. मी फुगून गेलो होतो.

पण निवडताना रत्नप्रभाची एक चूक झाली होती. आम्ही सगळे पावसाळी, एकदमच निजणारे. हिवाळ्यात माझी पानं पिवळी पडून मातीला मिळाली. रानहळद गेली. सोनटक्क्याचे वाळलेले दांडे तिने स्वतः कापले. फाल्गुनात पट्टीवर काहीच उरलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

एप्रिलमध्ये ती दरवर्षीसारखी गावी गेली. जाताना घराची किल्ली जयंतीच्या हातात देऊन "झाडांकडेही लक्ष ठेव" एवढंच म्हणाली.

एवढे दिवस येता-जाता पट्टीकडे नीट न पाहिलेली जयंती खाली आली आणि उघड्या मातीकडे बघून हबकलीच. आपल्याकडे सोपवलं आणि सगळं गेलं, असं तिच्या मनाने घेतलं. ती रोज बादलीने पाणी घालू लागली. मित्रांनो, गाढ झोपेत कोणी तोंडावर पाणी ओतत राहिलं तर काय होईल? माझ्या शेजारची रानहळद कुजली. मी हादरून आकसून पडलो. रत्नप्रभाला एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण तुझी झाडं मारली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"जयंतीताई, वाट लागली हो बागेची," नंदकुमार म्हणाले.

तिने मान खाली घातली. "माझ्या हाताला यश नाही. टाका फरशा."

मे महिन्यात दादू मिस्त्री कुदळ घेऊन आला. फाटकाच्या बाजूने माती धोपटली जाऊ लागली, तिच्यावर फरशा बसू लागल्या. प्रत्येक ठोका माझ्या अंगात घुमत होता. मी पळणार कुठे? आणि माझी तर उठायची वेळ झाली होती. आमच्यात पानं मागाहून येतात. भर उन्हात, कोरड्या मातीतून आधी फूलच वर येतं.

जयंती दादूला पाणी द्यायला आली आणि तांब्या हातात तसाच राहिला.

"थांबा, थांबा. हे फूल इथे कोणी खोचलं?"

कोणी थट्टा केली असं तिला वाटलं. खाली बसून तिने बोट लावलं. फूल मातीतूनच आलं होतं, पांढरं आणि जांभळं. तिचा आवाज ऐकून आलेले नंदकुमार इस्त्रीच्या पँटीनिशी उकिडवे बसून "पान नाही, देठ नाही, नुसतं फूल?" असं पुटपुटत राहिले. दादूने कुदळ बाजूला ठेवली.

तेव्हा कुठे जयंतीने फोन लावला.

"मेली म्हणान तुका कोणी सांगल्यान गो?" पलीकडून रत्नप्रभा म्हणाली. मग तिने विचारलं, "किती गेलं?"

"अर्ध्याहून जास्त."

फोन बंद झाला.

काम तिथेच थांबलं, पण बसवलेल्या फरशा कोणी उचलल्या नाहीत. नंदकुमारांनी पुढे सेक्रेटरीपद सोडलं. ते आता गोरेगावला लेकीकडे असतात आणि मे उजाडला की माझा फोटो मागवतात. दादू नाहूरच्या एका इमारतीवर कामाला आहे. काहीही खणण्याआधी तो तिथल्या लोकांना विचारतो म्हणे, इथे काय लावलंय.

दोघी मैत्रिणी तो अख्खा पावसाळा बोलल्या नाहीत. हिवाळ्यात माझी पानं वाळली, तेव्हा जयंतीने तिची बेल वाजवली. "तुझा भुईचाफा झोपला गं," ती म्हणाली. रत्नप्रभाने तिला आत घेतलं. पुढे गुडघे थकले तशी रत्नप्रभा कायमची गावी गेली. उरलेली पट्टी जयंती बघते. तिने आमच्यामधे अबोली आणि गवती चहा लावलाय, म्हणजे आम्ही निजलो तरी माती उघडी पडत नाही.

मित्रांनो, दिसत नाही ते संपलं असं ठरवण्याआधी, ज्याने लावलं त्याला एकदा विचारा. फरशांखाली माझी पिल्लं आहेत. पहिल्या पावसाळ्यात त्यांची धडपड मला मातीतून कळत होती. आता काही कळत नाही. वर एक स्कूटर उभी असते.