धुऱ्यावरचा आंबा

न्यायाधीशाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असे सबजज्ज भगवंतराव मानत. त्यांच्या रेघा वरचे कोर्ट नेमाने पुसून टाकी. अकोला, अमरावती, पुन्हा अकोला अशा एकतीस वर्षांत त्यांचा प्रत्येक निकाल अपिलात गेला होता आणि एकही धड परत आला नव्हता.

म्हणून पेन्शनीत निघण्याआधीच्या शेवटच्या निकालावर त्यांनी जीव ओतला. हिवरखेडचे सूर्यभान आणि खुशालराव हे चुलतभाऊ, दोघेही भाजीवाले. दोघांच्या मळ्यांमधल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, आंबा कोणाचा, एवढाच दावा. नऊ वर्षे चालला. जागा पाहायची चारदा ठरली आणि चारदा राहिली. निकाल बेचाळीस पानी झाला : फळे एका साली याची, एका साली त्याची, सावली सामाईक.

अपिलाची मुदत तीस दिवस. भगवंतराव रोज सकाळी तारीख मोजत.

"अपिलाची वाट पाहताय की जावयाची?" त्यांच्या पत्नी पार्बताबाईंनी चहा ठेवत विचारले.

एकतिसाव्या दिवशी ते कोर्टात जाऊन आपल्या जुन्या कारकुनासमोर, गोवर्धनासमोर, उभे राहिले.

"नाई आलं जी साहेब."

"नीट पाहा."

"तीन डाव पाह्यलं. तुमी कालबी माणूस धाडला होता."

दुसऱ्या दिवशी भगवंतराव मोटारीने हिवरखेडला निघाले. एकतीस वर्षांत टिकलेला एकच निकाल. तो ज्याच्यावर दिला ते झाड तरी पाहावे.

सूर्यभानाने मळ्यातच पाट मांडला. वांग्याचे भरीत, भाकर, ठेचा. खुशालराव स्वतः वाढत होता.

"अपील का केलं नाही?" भगवंतरावांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"काहून करू जी? निकाल पसंत पडला," सूर्यभान म्हणाला.

"त्यात विशेष काय पसंत पडलं?"

"ते सावलीचं. लय बारीक इचार केला तुमी."

भगवंतरावांनी आणखी अर्धी भाकर घेतली. पत्नीला हे वाक्य जसेच्या तसे सांगायचे त्यांनी ठरवले.

"बरं, आता तो आंबा दाखवा."

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले.

"तो तं गेला साहेब," खुशालराव म्हणाला. "इज पडली. तीन सालं झाले."

"मग दावा कशाला चालवला?"

"तुमी लिहून घेऊन राह्यले होते," सूर्यभान म्हणाला. "मंधातच उठून कसं सांगावं? बरं नाई दिसत."

"अन् तारखेले एकाच बैलबंडीत बसून याचं, भाजी इकाची, बोलत बोलत वापस जाचं," खुशालराव म्हणाला. "सवय झाली होती जी."

भगवंतरावांनी ताटावर हात धुतला आणि लाकडाचे काय झाले ते विचारले.

ते दोघांनी त्याच आठवड्यात निम्मे निम्मे वाटून घेतले होते. भगवंतराव बसले होते तो पाट खुशालरावाच्या वाट्यातला होता.