तिसरी हाक

"सत्तेचाळीस!"

तिसरी हाक मारून झाली आणि खिडकीवरच्या बाईंनी शिक्का उचलला. 'गैरहजर' हा शब्द त्यांनी इतक्या कागदांवर उमटवला होता, की हात आपसूक खाली यायचा. आज तो अधांतरीच राहिला, कारण सत्तेचाळीस नंबरच्या कागदावर तसे दोन शिक्के आधीच होते.

दवाखान्याचा हा कान तपासणीचा विभाग. तीन हाकांना ओ आली नाही तर गैरहजर; तीन वेळा गैरहजर, तर कागद बंद. मग पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवायचं आणि दोन महिने वाट बघायची. हा नियम करणाऱ्याचे कान शाबूत असणार. डोक्याची खात्री देता येत नाही. पण एकोणीस वर्षांत बाईंनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बहुतेकांबरोबर सून, मुलगा, नाहीतर शेजारी असायचा, तो ओ द्यायचा. एकटं येणाऱ्याचं काय होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी काचेतून पाहिलं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते बाईंच्या ओठांकडे बघत होते. डोळे बारीक, मान किंचित पुढे.

ती नजर बाईंच्या ओळखीची होती. वर्षभर त्या स्वतः तशाच बघत होत्या.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. डॉक्टरांची खोली खिडकीपासून पाच पावलांवर, आणि बाईंचे कान दगा देऊ लागले तरी ती पाच पावलं त्यांच्याच्यानं टाकवत नव्हती. वरच्यांना कळलं, की खिडकीवरचं काम गेलं. आधीच्या बाईंना असंच तळघरात धाडलं होतं, जुन्या कागदांच्या खोलीत. तिथं दिवसभर माणसाचं तोंड दिसत नाही. घरी भिंती, कामावरही भिंती, हे बाईंना नको होतं. म्हणून ओठ वाचत त्या दिवस ढकलत होत्या. हे फक्त झाडलोट करणाऱ्या मावशींना ठाऊक होतं. मागून कोणी आलं की मावशी झाडूचा दांडा हळूच बाईंच्या खुर्चीला टेकवायच्या.

बाईंनी शिक्का ठेवला, दार उघडलं आणि कामाच्या वेळात पहिल्यांदाच बाकांपर्यंत गेल्या. म्हाताऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी कागदावरचा आकडा दाखवला.

"माझा नंबर आला होय?" ते गडबडीनं उठले. "मी सातपासून इथंच आहे हो. मागच्या दोन्ही खेपांनाही इथंच होतो. संध्याकाळी शिपाई म्हणायचा, दवाखाना बंद झाला, घरी जा."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी म्हाताऱ्यांना दंडाला धरून डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचवलं.

परत येऊन त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं. मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनानं अठ्ठेचाळीस लिहिलं आणि कागद काचेला लावला. मग एकोणपन्नास. मग पन्नास. त्या दिवशी शिक्का शाईच्या गादीवरच पडून राहिला. दुपारपर्यंत बाकांवरची माणसं पाठ टेकून बसू लागली, एकमेकांशी चार शब्द बोलू लागली. आजवर ती सगळी श्वास रोखून बसत होती, हे बाईंना तेव्हा कळलं.

चारच्या सुमाराला खुर्चीला दांडा लागला. बाई वळल्या. विभागाचे साहेब दारात उभे होते, काखेत फाइल.

"हा काय नवा प्रकार?" त्यांनी काचेकडे बोट केलं. "हाका का बंद?"

बाईंनी तोंड उघडण्याआधीच मावशी पुढे झाल्या.

"घसा बसलाय त्यांचा, साहेब. दोन दिवसांत होईल बरा."

साहेबांनी मान डोलावली. मावशींनी डोळ्यांनी खुणावलं, झालं, सुटलात. बाईंना एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. दोन दिवसांनी घसा बरा झाला असता, कॅलेंडर पुन्हा भिंतीवर गेलं असतं, आणि पिशवी धरून बसलेलं एखादं माणूस पुन्हा त्यांच्या ओठांकडे बघत राहिलं असतं.

"घसा ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "माझे कान गेलेत, साहेब. वर्ष झालं. आणि हाका मी बंद केल्यात. इथं बसलेल्यांना त्या ऐकूच येत नाहीत."

मावशींनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी फाइल उघडली. पान उलटत, खाली बघत ते काहीतरी बोलले. बाईंना फक्त त्यांची हलणारी हनुवटी दिसली. तळघर म्हणाले असतील, की उद्यापासून येऊ नका म्हणाले असतील? नेहमीसारखी नुसती मान डोलावली असती तरी वेळ निभली असती.  बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"साहेब, वर बघून बोला. मला कळलं नाही."

साहेब थांबले. त्यांनी फाइल मिटली, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि शिकाऊ मुलासारखा एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"म्हटलं, आकडे मोठे काढा. मी पंधरा मिनिटं मागच्या बाकावर बसलो होतो. तिथून दिसत नाहीत."

आणि जरा थांबून, "तुमचा स्वतःचा कागद काढलाय का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातला वरचा ओढून त्यांनी त्यावर आपलं नाव लिहिलं, आणि नंबराच्या जागी आज उरलेला शेवटचा नंबर. चौसष्ट. बाहेर एकसष्ट नंबर काचेकडे बघत ताटकळला होता. त्यांनी जाड पेन उचललं.