सुकडीचा साक्षीदार

प्राध्यापक सयाजी खराडे यांच्या गौरवार्थ सांगलीत दरवर्षी व्याख्यान व्हायचं, आणि त्याचा एक रिवाज होता. वक्त्याने आपला मजकूर आठ दिवस आधी सरांकडे धाडायचा. सर पंचाऐंशीचे, निवृत्त होऊन पाव शतक लोटलेलं, पण एखादं साल चुकलं तरी फोन करून झाडायचे. यंदा व्याख्यान राजनंदिनीचं. तिला फोन आला तो मात्र भलत्याच प्रश्नाचा.

"बाई, तुमचं माहेर कुठलं?"

वीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवताना तिने हा प्रश्न शिताफीने टाळला होता.

"जत तालुका, सर."

"मजकूर वाचून वाटलंच होतं. म्हणजे आकाराम मुकादमाची लेक. आई आहे ना? तिला विचारलंत का सगळं?"

"कागद आहे माझ्याकडे, सर."

"सातवं पान गाळा," सर म्हणाले. "तुमच्यासाठीच सांगतोय."

राजनंदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. याच माणसाने बहात्तरच्या दुष्काळावर ग्रंथ लिहून मानसन्मान मिळवले होते, आणि त्याच ग्रंथातल्या एका ओळीत तिच्या बापाला जिवंतपणी गाडलं होतं. सरकारने खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी पाठवलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडं पीठ, मुकादम आकारामाने सीमेपलीकडे नेऊन विकली, असं म्हणे एका खात्रीच्या साक्षीदाराने सांगितलं. पाच पोती गेली, आणि त्याच आठवड्यात कामावरची दोन पोरं भुकेने गेली. पुढे जन्मभर गाव तिच्या वडिलांना, अण्णांना, सुकडीखाऊ म्हणायचं. ते वारले तेव्हा खांदेकरी जमवताना नाकी नऊ आले होते.

सातव्या पानावर होती त्या वेळच्या सरकारी चौकशीच्या दप्तरात तिला सापडलेली व्यापाऱ्याची पोच. पाच पोती, मुकादम आकाराम, आणि खाली अंगठा. अण्णा सातवी पास, सही झोकदार करायचे. ते कशाला अंगठा उठवतील?

हे ऐकायला आई हवीच, म्हणून तिने मनुबाईला गावाहून आणलं. म्हातारी सभागृहाच्या पायरीशीच अडून बसली.

"जुनं कशापायी उकरतीस, बाई? त्ये गेलं, त्यांच्यासंगं समदं गेलं."

"त्यांचं नाव तरी परत आणू दे, आई."

"मला घरला सोड. माजा जीव घाबरतोय."

लेकीने ऐकलं नाही. अण्णांनी जन्मभर मान खाली घातली, आज आईने मान वर करून बसावं, एवढाच तिचा हट्ट होता. तिने आईला दंडाला धरून पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी बसवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या. राजनंदिनीला ते खटकलं, पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

सहा पानं निर्विघ्न गेली. सातव्याला तिने पडद्यावर पोच दाखवली. अंगठ्याचा ठसा माणसाएवढा झाला, रेघ न् रेघ दिसू लागली. ती पडद्याकडे पाठ करून उभी होती.

"हा अंगठा माझ्या वडिलांचा नाही," ती म्हणाली. "सर, तुमचा साक्षीदार कोण, ते आज सगळ्यांसमोर सांगा."

सर काठी टेकत उठले. त्यांनी शेजारी पाहिलं. मनुबाईने उजवा हात पदराखाली नेला.

"आकारामच," सर म्हणाले. "पुस्तक छापण्याआधी तो वडूजला माझ्या तेव्हाच्या घरी आला. 'माझं नाव लिहा,' म्हणाला, 'नाहीतर लोक दुसरं नाव हुडकतील.' त्याने कोणाला वाचवलं, ते मला तेव्हाच कळलं. बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं."

राजनंदिनी वळली. ठशाच्या मधोमध आडवा, विळा लागल्याचा वण होता. छोट्या कागदावर तो तिला कधी दिसलाच नव्हता. याच अंगठ्याने आई तिला लहानपणी काजळ घालायची.

मनुबाईने उजवी मूठ पदराखाली दाबून धरली होती.

"तुज्या थोरल्या भावाला दवाखान्यात न्यायला पैकं हवं हुतं गं," ती म्हणाली. "त्यो बी वाचला न्हाई."

अण्णांचं नाव धुऊन निघालं होतं. मागच्या रांगांतली माणसं मात्र एकेक करून उभी राहत होती, म्हातारीचं तोंड नीट दिसावं म्हणून.