फोन चालू होता

आईच्या बाराव्याला माझा भाऊ रविराज प्रत्येक पंगतीत तेच सांगत होता. "फोन चालू होता. बॅटरी होती. आप्पांनी बघितलं न्हाय."

तो हे रडत सांगत नव्हता, रागानेही नाही. गाडीला अपघात कसा झाला ते विम्याच्या माणसाला सांगावं, तसं सांगत होता. आप्पा तिथेच भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांची सख्खी बहीण ताराआत्या भात वाढता वाढता म्हणाली, "बघंल कशाला? लगीनसराईची साडी व्हती मागावर. बायकू काय, पडून हायच की घरात."

कोणीतरी हसलं. आप्पांनी मान हलवली.

"व्हय. माझी नजरच गेली न्हाय," ते म्हणाले.

त्या दिवशी मीही तेच धरून चालले होते, की आप्पांची नजर गेली नाही.

आमचं घर सीमाभागातल्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढची खोली म्हणजे सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागे मागाची खोली. तिन्ही दारं एका रेषेत आहेत. कमरेचं हाड मोडल्यापासून आई सोप्यातल्या कॉटवर असायची आणि तिथून तिला थेट मागावर बसलेल्या आप्पांची पाठ दिसायची. दिसायची, पण हाक पोचायची नाही. विजेचे माग चालू असले की आमच्या घरात कुणाचीच हाक कुणाला पोचत नाही. मागाच्या खोलीत आम्ही ओठांनी बोलतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि समजून घ्यायचं. मी अक्षरं शिकण्याआधी ओठ वाचायला शिकले.

अशा घरात फोनची रिंग काय कामाची? तो थरथरला तरी कळत नाही, कारण तिथे सगळंच थरथरत असतं. म्हणून आप्पांच्या फोनला दिवा लावलेला होता. कॉल आला की फोनच्या पाठीवरचा, कॅमेऱ्याजवळचा दिवा लुकलुकायचा. सुताची धूळ फोनमध्ये जाऊ नये म्हणून आईने साडीच्या उरलेल्या काठाची पिशवी शिवली होती आणि दिव्याच्या जागी एक भोक ठेवलं होतं, कडेने काजाचा टाका घालून. ती पिशवी मागासमोरच्या खिळ्याला लटकायची. भोकातून दिवा लुकलुकला की आप्पा माग थांबवायचे आणि आत यायचे. आईला पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची, कधी नुसतंच. "माग लई येळ वाजाय लागला, म्हणून फोन केला," असंही ती सांगायची.

मग त्या फोनने एका रात्री स्वतःहून नवी सिस्टीम घेतली. सकाळी सगळी चित्रं बदललेली. त्यानंतर रात्रीपर्यंत पुरणारी बॅटरी दुपारच्या जेवणालाच संपायला लागली. फोन हातात घेतला की तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखा गरम. कधी आप्पांच्या लक्षात यायच्या आधीच तो पिशवीतल्या पिशवीत बंद पडायचा. अशा वेळी आईने फोन लावला की कन्नडमध्ये बोलणारी ती कंपनीची बाई सांगायची, फोन बंद आहे म्हणून. आईने त्यावर उपाय काढला होता. ती बाई बोलली की शेजारच्या मंगलला फोन करायचा. "मंगल, बाई बोलाय लागली बघ. जरा जाऊन आमच्या मालकांना सांग." मंगल हातातलं काम टाकून यायची.

पण आईला ते ओशाळवाणं वाटायचं. म्हणून रविवारी रविराज पुण्याहून आला, तेव्हा तिने त्याला फोन दाखवला. तो दुपारभर तिच्या कॉटवर बसून फोनशी खटपट करत होता. संध्याकाळच्या गाडीने गेला. रात्री मी निपाणीहून फोन केला. मी तिथल्या कॉलेजच्या वाचनालयात काम करते. आई फार खूश होती. "रव्यानं फोन नीट केला बघ. फालतू सगळं बंद केलं म्हणाला. आता दिसभर ऱ्हातंय चार्जिंग."

दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. आप्पा मागावर होते. लाईट गेली, माग थांबले, तेव्हा ते चहाचं विचारायला सोप्यात आले. आईच्या छातीवर तिचा फोन होता. त्यात आप्पांना केलेले कॉल होते, एकाखाली एक. मंगलला एकही नव्हता.

बारावा झाल्यावर पाहुणे पांगले आणि रविराजने पुढचं ठरवूनच टाकलं. आप्पांना पुण्याला न्यायचं, माग विकायचे. जुने माग घेणारा खासबागचा भरमा दुपारी बघायला येणार होता. आप्पांनी कशालाच नाही म्हटलं नाही. गुन्हा कबूल केलेल्या माणसाला कुठे ठेवायचं, हे त्याला कोण विचारतं?

सकाळी मी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होते. आप्पा केस कापायला गेले होते आणि त्यांचा फोन कुठे दिसेना. मी माझ्या फोनवरून लावला. मागच्या खोलीतून एक धून ऐकू आली. सनईसारखी काहीतरी. मी तशीच बसून ऐकत राहिले, कारण आई असेपर्यंत मी ती धून त्या घरात कधी ऐकलीच नव्हती. माग बंद असल्यामुळे ती इतकी स्वच्छ येत होती. गेले काही दिवस सांत्वनाचे फोन येत होते, आम्ही कुणीतरी ते आवाजावरून उचलत होतो, चार्ज करत होतो, आणि आप्पा सवयीने फोन पुन्हा पिशवीत घालून खिळ्याला अडकवत होते.

मी उठून गेले. पिशवी खिळ्याला होती. धून वाजत होती. भोक काळं होतं.

कॉल तुटला. मी पुन्हा लावला. भोक काळंच.

सुतकात माग बंद, म्हणून दिव्याची कुणालाच गरज पडली नव्हती.

मी फोन काढून सेटिंगमध्ये बघितलं. दिवा बंद केलेला होता. मी तो चालू केला नाही. फोन होता तसा पिशवीत ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. रविराज चहा पीत होता.

"रव्या, आप्पांच्या फोनचा दिवा तू बंद केलास व्हय?"

"कसला दिवा?"

"कॉल आला की लुकलुकतोय तो."

तो आठवायला लागला. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

"केला असंल. बॅटरी खातंय ते. व्हायब्रेट, लोकेशन, दिवा, सगळं बंद केलतं. टिकली का न्हाय मग बॅटरी?"

"टिकली."

"मग?"

मी मागाच्या खोलीकडे बघितलं. त्याने कप खाली ठेवला, तेव्हा त्याला कळलं होतं.

"हे बघ आक्का. माझ्यावर ढकलायचं काम न्हाय."

"माग चालू असला की आप्पांना फोन कसा कळतोय, सांग."

"मला काय म्हाईत? मी ऱ्हातोय का हितं?"

"ह्याच घरात वाढलास."

"तवा कुठं मोबाईल व्हते?"

"पिशवीला भोक हाय. फोन पिशवीतनंच काढलास न्हवं? ते भोक कशाला वाटलं तुला?"

"कॅमेऱ्याला असंल, म्हटलं."

"आप्पा पिशवीतनं फोटो काढत्यात?"

त्याचा चेहरा तांबडा झाला. तो उठून उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"बरं, न्हवता बंद केला. मग? दुपारच्या आत बॅटरी संपली असती. फोन बंद पडला असता. तसाबी आईचा फोन लागलाच नसता की. काय फरक पडला असता, सांग तू."

हा प्रश्न त्याला सुटकेसारखा वाटला असावा. त्याने कप परत उचलला.

"बंद पडला असता तर ती बाई बोलली असती," मी म्हटलं. "आणि आईनं मंगलला फोन केला असता. नेहमी करायची तसा. मंगल भिंतीपलीकडं घरातच व्हती. पण तू फोन नीट केलतास. फोन वाजत व्हता. वाजतोय म्हटल्यावर ती मंगलला कशाला करंल? तिला समोर आप्पांची पाठ दिसत व्हती. आता उठतील, आता उठतील, असं करत ती लावत बसली."

स्वयंपाकघरात चहाचं पातेलं तसंच होतं, साखरेचा डबा उघडा. मी डब्याचं झाकण लावलं.

"हे आप्पाला सांगणार हैस?" त्याने विचारलं.

"तू सांग."

"सांगून आई येणार हाय?"

"न्हाय. पण माझी नजर गेली न्हाय, असं ते रोज म्हणत्यात. ते थांबंल."

"लई पुस्तकं वाचून अशी झालीयास तू. घरात कोर्ट मांडून बसतीस."

"कोर्ट तू मांडलंस. पंगतीपंगतीला जाऊन."

तो मग खालच्या आवाजात म्हणाला, "भरमा येऊन जाऊ दे. मग बघू."

त्याचं 'मग बघू' मला लहानपणापासून ठाऊक आहे.

दुपारी भरमा आला. मोठ्या पोटाचा, बोलका. त्याने मागाच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं, खाली वाकून बघितलं, अर्धवट विणलेल्या जांभळ्या साडीवरून हात फिरवला.

"माल बरा हाय मामा. पर बंद माग म्हंजे झाकलेली मूठ. आत काय हाय कुणाला म्हाईत? चालवून दाखवा की."

"आप्पा, जरा चालवून दाखवा," रविराज म्हणाला.

"माझ्या हातनं न्हाय व्हणार."

"जरा येळ. मग परत कोण सांगणार न्हाय तुमाला."

"चालवा आप्पा," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मीही तिकडची झाले, असं त्यांना वाटलं असणार. ते मागासमोर गेले. तुटलेला एक धागा त्यांनी शोधून गाठला, मोटार सुरू केली आणि दांडी ओढली. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे पळायला लागला. आईनंतर पहिल्यांदाच घरात तो आवाज झाला आणि भांड्यांच्या फळीपासून खिडकीच्या गजापर्यंत सगळं हललं. भरमाने समाधानाने मान डोलावली.

मी सोप्यात गेले. आईच्या कॉटवर बसले आणि आप्पांना फोन लावला.

कानात रिंग जात होती. अगदी शांत, सावकाश, कुणीतरी उचलणारच आहे अशी. तिन्ही दारांच्या पलीकडे आप्पांची पाठ होती. रिंग संपली. मी पुन्हा लावला. पाठ हलली नाही. तिथे बसून मला पहिल्यांदा समजलं की आई त्या पाठीवर रागावलीही असेल. तेवढं मी रविराजला कधीच माफ करणार नाही.

तिसऱ्यांदा लावला आणि फोन कानाला तसाच धरून मागच्या खोलीत गेले. रविराजने मला येताना बघितलं. मी आप्पांसमोर उभी राहिले, माझा फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि खिळ्याकडे बोट केलं. पडद्यावर त्यांचं नाव होतं आणि कॉल जात असल्याची खूण होती. त्यांनी पिशवीकडे बघितलं. भोक काळं होतं. एका हाताने त्यांनी पिशवी काढली, फोन बाहेर घेतला. त्यावर माझं नाव होतं, तो वाजत होता. त्यांनी उलटा करून पाठ बघितली. मग पिशवीच्या भोकात बोट घातलं आणि काजाच्या टाक्यावरून फिरवलं.

मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "रविवारी रव्यानं बंद केला. तुमाला दिसणारच न्हवता."

भरमाला काही कळलं नाही. तो मागाखाली वाकून काहीतरी तपासत होता. रविराजला कळलं. तोही याच खोलीत वाढलाय.

तो पुढे आला. त्याचं तोंड हलत होतं, हात हलत होते. मी वाचलं ते एवढंच, "चांगल्यासाठीच", "आईनंच दिला". मागाच्या खोलीत ऐकायचं नसेल तर कान झाकावे लागत नाहीत. आप्पांनी तोंड फिरवलं आणि कापडाकडे बघत राहिले. रविराज त्यांच्या उजवीकडे गेला, डावीकडे आला. त्यांनी एकदाही त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला, दिवा चालू केला, पिशवीत घातला आणि पिशवी खिळ्याला लावली. रविराज माझ्याकडे असा बघत होता, जणू आम्ही दोघं एका आईची आहोत हे त्याला आठवतच नव्हतं. मलाही आठवत नव्हतं. तो स्वयंपाकघरातून पुढे निघून गेला.

भरमा कंबर धरून उभा राहिला. माग थांबेल म्हणून वाट बघत होता. साडी बोटबोट पुढे सरकत होती.

थोड्या वेळाने पिशवीच्या भोकातून दिवा लुकलुकायला लागला. मी उघड्या दारांतून बघितलं. पलीकडे सोप्यात, आईच्या कॉटवर, रविराज फोन कानाला लावून बसला होता आणि इकडे बघत होता. दिवा लुकलुकत राहिला, विझला, परत सुरू झाला.

आप्पांनी दिवा बघितला. त्यांनी माग थांबवला नाही.