तडकलेलं मडगार्ड

जीपचं मागचं मडगार्ड अंगणातल्या खांबावर आदळून तडकलं, तेव्हा सुदर्शननं खाली उतरून आधी बायकोच्या थोबाडीत मारली आणि मग मडगार्ड पाहिलं.

"खांब हाय म्हणून वरडलीस कामून?"

"थांबा, मागं खांब हाय," असं शिवकन्या ओरडली होती आणि ते ऐकूनच त्यानं जीप आणखी जोरात मागं रेटली होती. बायकोनं थांबा म्हणावं आणि आपण थांबावं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. म्हणजे घरच्या रिवाजाप्रमाणे चूक शिवकन्येचीच. नऊ वर्षांपूर्वी ती निलंग्याहून उदगीरला या घरात आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूनं, रत्नम्मानं, भाकरी थापता थापता तिला सांगून ठेवलं होतं.

"याला सगळं उलटं सांगत जा. जायचं असलं की न्हाई जायचं म्हण. याच्या बापाचा संसार मी असाच केला."

शिवकन्या तशीच बोलायला शिकली. माहेरी जायचं असलं की ती चार दिवस आधीपासून माहेराला नावं ठेवायची. लेकीला चांगल्या शाळेत घालायचं होतं तेव्हा तिनं त्याच शाळेची यथेच्छ निंदा केली. काम फत्ते व्हायचं. कधीतरी घाईत खरं तोंडातून निघून जायचं आणि मग कानशील सुजायचं.

जीप लग्नात नवरदेव मिरवायला भाड्यानं जायची. पत्र्याची मडगार्डं काढून सुदर्शननं हौसेनं फायबरची रुंद मडगार्डं बसवली होती. आता त्यातल्या एकाला वीतभर चीर गेली होती आणि परवा निलंग्याला लग्न होतं. लातूरचा मिस्त्री आठवडाभर तरी हात लावणार नव्हता.

"मीच करतो," तो म्हणाला. "मॅट चिकटवायची अन् घासायचं. त्यात काय एवढं?"

लातूरच्या गॅरेजात एकदा तासभर उभं राहून पाहिलं होतं, तेवढीच त्याची विद्या. त्यानं बायकोला सामान आणायला पिटाळलं आणि चिरेच्या कडा घासायला घेतल्या.

रंगाच्या दुकानात दुकानदार नागप्पानं चिकट रेझीनचा डबा, कापडासारखी फायबरची मॅट आणि दोन छोट्या बाटल्या काढल्या. त्यानं तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि नजर बाटल्यांवर आणली.

"वहिनी, नीट ध्यानात ठेवा. ही जांभळी आधी रेझीनमधी घालायची अन् चांगली ढवळायची. पांढरी त्याच्या मागून, थेंब थेंब. या दोन्ही थेट एकत्र करायच्या न्हाईत. भडका होतो. एकाचा हात गेलाय तसा. सुदर्शनला सांगा."

"सांगते," शिवकन्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिनं वाक्य जुळवलं. दोन्ही बाटल्या आधी एकत्र करा म्हणलाय नागप्पा. एवढं म्हटलं की तो हमखास नागप्पाची अक्कल काढणार आणि बाटल्या वेगवेगळ्या वापरणार. तिनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. नवरा कसाही असला तरी जळावा, असं तिच्या मनात नव्हतं.

ती फाटकातून आत आली तेव्हा सहा वर्षांची शिवांगी पायरीवर बसली होती. तिच्या तोंडातून हनुवटीवर रक्त आलं होतं आणि रत्नम्मा पदरानं ते टिपत होती. म्हातारीच्या दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पुढचा एक दात होता.

"काय झालं, आत्या?" तिनं सासूला विचारलं.

"'पप्पा, आई थांबा म्हणली होती,' एवढंच बोललं लेकरू," रत्नम्मा हळूच म्हणाली. "घासायचा ठोकळा हाणला त्यानं."

लेकीच्या अंगावर त्यानं याआधी कधी हात टाकला नव्हता. आता एकदा टाकला म्हणजे टाकतच राहणार, हे शिवकन्येला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पोरगीबी तुझ्यावरच गेली," सुदर्शन मान वर न करता म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखले होते. "आणलंस का?"

शिवकन्येनं पिशवी खाली ठेवली. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओ, ऐका," ती म्हणाली. "आधी जांभळी रेझीनमधी घालायची. पांढरी मागून. दोन्ही थेट एकत्र करू नका म्हणलाय नागप्पा. भडका होतो."

रत्नम्माचा पदर शिवांगीच्या हनुवटीवर तसाच थांबला.

"मला शिकवायलीस?" सुदर्शन उठला. "तुला अन् त्या नागप्पाला, दोघालाबी दाखवतो."

त्यानं जर्मनची पातेली ओढली आणि जांभळी बाटली तिच्यात उपडी केली.

"एकत्र करू नका!" शिवकन्या ओरडली, शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशी. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"सुदर्शन," रत्नम्मा म्हणाली. पुढं काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

बायकोच्या डोळ्यांत डोळे घालून त्यानं पांढरी बाटली पातेलीत ओतली.

आधी नुसता फुत्कार आला. मग पातेलीतून उसळलेला जाळ त्याच्या हातांवर, सदऱ्यावर, हनुवटीवर चढला. तो किंचाळत खांबावर आदळला. सगळ्यांत आधी धावली ती शिवकन्याच. तिनं ओलं पोतं त्याच्या अंगावर टाकून दाबून धरलं, तिची स्वतःची बोटं भाजेपर्यंत दाबून धरलं. पोतं उचललं तेव्हा त्याच्या मनगटाची कातडी पोत्याला चिकटून आली.

लातूरच्या दवाखान्यात जबाब घ्यायला पोलीस आला.

"घरात कुणाला माहीत नव्हतं का हे?"

"हिनं दोनदा सांगितलं, साहेब," सुदर्शन पट्ट्यांतून म्हणाला. "मीच ऐकलं न्हाई." आणि तो रडायला लागला.

शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं नर्स म्हणाली. शिवकन्येला त्याची दया आली, आणि त्याच वेळी आपल्या बोलण्याची भीतीही वाटली. रत्नम्मा महिनाभर उशाशी बसून होती. सुनेशी ती कामापुरतंच बोलत होती.

घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी रबराचा एक मऊ चेंडू दिला.

"दिवसातून चार वेळा हा हातात देऊन दाबून घ्यायचा. दुखेल, ओरडेल, तरी सोडायचं नाही. कंटाळा केला तर बोटं आखडतील आणि मूठ कायमची वळणार नाही. कोण करून घेईल?"

शिवकन्येनं हात पुढं केला. त्याआधीच रत्नम्मानं चेंडू घेतला होता.

"मी करून घेते," ती म्हणाली. "माझा लेक हाय."

बाहेर बाकड्यावर शिवांगी पाय हलवत बसली होती. रत्नम्मा तिच्याजवळ टेकली. चेंडू तिनं पाची बोटांत धरून एकदा जोरात दाबला, सोडला, आणि पदरानं डोळे पुसले. मग सुनेकडे न पाहता तो नातीच्या मांडीवर ठेवला.

"घे बाई, खेळ," ती म्हणाली. "हरवला तरी कुणी रागवणार न्हाई."